बालीगंजचा नळ आणि बारुईपूरचा हातपंप

सियालदाहच्या दक्षिण मार्गावरील लोकल गाड्या भल्या पहाटेपासून बालीगंज स्थानकात रिकाम्या होऊ लागतात. कॅनिंग, लक्ष्मीकांतपूर, बारुईपूर, सोनारपूर या बाजूंनी आलेल्या शेकडो स्त्रिया येथे उतरतात आणि दक्षिण कोलकात्यातील सुखवस्तू घरांतील स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचा सांभाळ अशी कामे करून दुपारनंतर त्याच गाड्यांनी परततात. दिवसा त्या हुगळी नदीचे, महापालिकेने शुद्ध केलेले पाणी पितात. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर त्यांतील अनेकींच्या वाट्याला येतो तो गावातील किंवा अंगणातील हातपंप. दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्याच्या ज्या पट्ट्यातून त्या येतात, तेथील भूजलात आर्सेनिक आहे, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला चार दशकांहून अधिक काळ ठाऊक आहे. या पाण्याने त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशय यांचा कर्करोग होतो, हेही सिद्ध झाले आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने आर्सेनिकला मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. प्रश्न एवढाच उरतो की, जे शास्त्रज्ञांना, मंत्रालयांना आणि संसदेला ठाऊक आहे, ते या गाडीतून उतरणाऱ्या बाईला तिच्या हातपंपापुरते तरी कुणी सांगितले आहे काय?

खुद्द कोलकाता शहरही या प्रश्नापासून मुक्त नाही. जादवपूर विद्यापीठाच्या पर्यावरण अभ्यास विभागाने महापालिकेच्या सर्व 141 वॉर्डांतून कूपनलिकांच्या पाण्याचे 4,210 नमुने तपासले. त्यांपैकी 14.2 टक्के नमुन्यांत आर्सेनिकचे प्रमाण लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमपेक्षा, तर 5.2 टक्के नमुन्यांत 50 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आढळले. शहराचा दक्षिण भाग उत्तरेपेक्षा अधिक बाधित होता. फरक इतकाच की, दक्षिण कोलकात्यातील सोसायट्यांना नळाचा पर्याय आहे, जलशुद्धीकरण यंत्र विकत घेण्याची ऐपत आहे आणि अहवाल वाचता येतो. बारुईपूरकडच्या वस्तीला यांतील एकही गोष्ट आपोआप मिळत नाही. पर्यावरणजन्य कर्करोगाच्या संशोधनात लोकविश्वासाचा मुद्दा उपस्थित होतो तो या विषमतेतून.

शोध लागला, निरोप पोहोचला नाही

या प्रकरणाचा इतिहास कोलकात्याच्या वैद्यकीय परंपरेला भूषणावह आहे. 1983 साली स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी चोवीस परगण्यातून आलेल्या रुग्णांच्या तळहातांवरील खरखरीत गाठी आणि छातीवरील काळे-पांढरे ठिपके पाहून त्यामागे पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक असल्याचे ओळखले. 1988 पासून जादवपूरचे डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी गावोगाव फिरून पाणी, केस, नखे आणि लघवीचे नमुने गोळा करण्याचा सपाटा लावला. 2009 साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या वीस वर्षांच्या आढाव्यात 1 लाख 40 हजार 150 कूपनलिकांच्या नमुन्यांचा हिशेब आहे. त्यांतील 48.1 टक्के नमुने 10 मायक्रोग्रॅमच्या वर आणि 23.8 टक्के नमुने 50 मायक्रोग्रॅमच्या वर होते. डॉ. डी. एन. गुहा मजुमदार आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डॉ. ॲलन स्मिथ यांच्या पथकाने 1995-96 मध्ये दक्षिण चोवीस परगण्यात 7,683 लोकांची प्रत्यक्ष तपासणी केली. ज्यांचे वजन प्रमाणापेक्षा बरेच कमी होते, त्यांच्यात त्वचेवरील गाठींचे प्रमाण अधिक असल्याचे त्या पाहणीत दिसले. तेच पाणी कुपोषित शरीराला अधिक बाधते, असा त्याचा अर्थ होतो.

एवढा मोठा वैज्ञानिक ऐवज देशातील फारच थोड्या पर्यावरणीय आजारांबाबत उपलब्ध असेल. तरीही या संशोधनाची आणि शासनाची गाठ पडली ती बहुतांशी वादाच्या मैदानात. विद्यापीठाने आकडा जाहीर करावा, प्रशासनाने तो फुगवलेला असल्याचे सूचित करावे, वृत्तपत्रांनी दोन दिवस मथळे द्यावेत आणि नंतर सारे शांत व्हावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. या खडाजंगीत ज्याने नमुना दिला तो माणूस दोन्ही पक्षांच्या दृष्टीने पुरावाच राहिला. त्याच्या नखाचा तुकडा प्रयोगशाळेत गेला, त्यावरचा निबंध परदेशी नियतकालिकात आला, पण त्याच्या हातपंपाचे काय करायचे, याचा निर्णय मात्र त्याच्यावरच सोडला गेला. अशा माणसाने पुढच्या पथकाला दारात उभे केले नाही, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणाला उरतो?

येथे आणखी एक विपर्यास लक्षात घेतला पाहिजे. तळ्या-विहिरींचे पाणी अशुद्ध, कूपनलिकेचे शुद्ध, ही शिकवण बंगालच्या खेड्याला शासनाने आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनीच दिली होती. पटकी-हगवणीने मरणारी मुले वाचवण्यासाठी ती त्या काळी योग्यही होती. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सवय बदलली. पुढे त्याच तोंडांनी हे पाणी विषारी असल्याचे सांगायला सुरुवात केली. आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव. त्याचा कर्करोग दहा-वीस वर्षांनी उगवतो. चिलीतील आंतोफागास्ता शहराला 1958 ते 1970 या काळात अत्यंत आर्सेनिकयुक्त पाणी मिळत होते. 1970 मध्ये शुद्धीकरण प्रकल्प सुरू झाला, तरी फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्यानंतरही कित्येक दशके चढेच राहिले. डोळ्यांना न दिसणाऱ्या आणि इतक्या उशिरा प्रकटणाऱ्या संकटाबाबत सामान्य माणसापाशी पडताळणीचे कोणतेच साधन नसते. त्याला सांगणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. म्हणूनच अशा संशोधनात विश्वास हा शिष्टाचाराचा भाग राहत नाही, साऱ्या उपायांचा पायाच त्यावर उभा असतो.

यंत्रे आणि माणसे

विश्वासाऐवजी यंत्रांवर भिस्त ठेवल्यास काय होते, याचा धडा बारुईपूरनेच दिला आहे. 2001 साली केंद्र सरकारच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने या भागात देशी-विदेशी अशा 11 उत्पादकांची आर्सेनिक काढून टाकणारी यंत्रे बसवण्यात आली. दोन वर्षांच्या पाहणीनंतर जादवपूरच्या गटाने काढलेला निष्कर्ष निराशाजनक होता. जागतिक आरोग्य संघटनेची 10 मायक्रोग्रॅमची मर्यादा एकाही यंत्राला सातत्याने पाळता आली नव्हती.

याच्या उलट अनुभव शिबपूरचा आहे. तेथील बंगाल अभियांत्रिकी महाविद्यालय आणि अमेरिकेतील लिहाय विद्यापीठाचे प्रा. अरूप सेनगुप्ता यांनी उत्तर चोवीस परगण्यासह सीमावर्ती भागांत बसवलेली गाळणी गावकऱ्यांच्या पाणी समित्यांकडे सोपवण्यात आली. समिती दरमहा कुटुंबाकडून अल्प रक्कम घेते, त्यातून देखभाल करणाऱ्याचे मानधन निघते आणि गाळलेल्या गाळाची विल्हेवाटही ठरलेल्या पद्धतीने लागते. रसायनशास्त्र दोन्हीकडे चांगलेच होते. वेगळा होता तो यंत्राचा धनी. बिघाड झाल्यावर कुणाच्या दारात जायचे, हे ज्या गावाला माहीत होते, तेथे पाणी शुद्ध राहिले.

बांगलादेशानेही हेच दाखवले. तेथे 1992 मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाने केलेल्या पाणी तपासणीत आर्सेनिकची चाचणीच झाली नव्हती. बाधितांनी दाद मागितली तेव्हा, 2006 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने संस्थेवर तशी कायदेशीर जबाबदारी येत नसल्याचा निर्वाळा दिला. कायद्याने प्रश्न मिटला, विश्वासाचा मात्र मिटला नाही. दुसरीकडे, ढाक्यानजीक आराईहाजार येथे कोलंबिया विद्यापीठाने 2000 साली सुरू केलेल्या अभ्यासात सुमारे सहा हजार विहिरी तपासल्या गेल्या, प्रत्येक कुटुंबाला त्याच्या विहिरीचा निकाल सांगण्यात आला, सहभागी झालेल्यांसाठी दवाखाना उघडण्यात आला आणि सामाईक खोल विहिरी खोदल्या गेल्या. धोक्याच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या निम्म्याहून अधिक कुटुंबांनी दोन वर्षांत आपली विहीर बदलली. याच अभ्यासाचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2025 साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या शरीरातील आर्सेनिक कमी झाले, त्यांच्यात हृदयविकार आणि कर्करोगासह दीर्घकालीन आजारांनी होणारे मृत्यूही लक्षणीय कमी आढळले. निकाल घरी पोहोचवणे ही संशोधनानंतरची दानशूरता नसून तीच उपचाराची पहिली पायरी आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

बार्शीचा धडा

मराठी वाचकाला यासाठी बांगलादेशापर्यंत जाण्याचीही गरज नाही. 1987 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधारे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील 346 गावे तिच्या कक्षेत होती. खेड्यातला रुग्ण रुग्णालयापर्यंत येतच नाही, तर त्याची नोंद कशी व्हायची, हा पेच होता. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. बी. एम. नेने यांनी त्यावर साधा तोडगा काढला. नोंदणीचे कार्यकर्ते ठरलेल्या वेळी गावात जात, लोकांना भेटत, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णाला तपासणीसाठी येण्यास प्रवृत्त करत. नोंद करणारा माणूस आणि मदत करणारा माणूस एकच होता. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण अधिक लवकरच्या टप्प्यात येऊ लागले. कोणतेही महागडे यंत्र न आणता, निव्वळ जाणीव वाढल्याने हे घडल्याची नोंद शास्त्रीय नियतकालिकांत आहे. मराठवाड्याच्या उंबरठ्यावरील दुष्काळी तालुक्यांना जे जमले, ते कोलकात्यासारख्या विद्यानगरीच्या परिसरात का जमू नये?

दिल्लीत नेमका या ठिकाणी विचार अडतो. संसदेच्या समित्यांनी आपले काम केलेले नाही, असे म्हणता येणार नाही. डॉ. मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील लोकसभेच्या अंदाज समितीने डिसेंबर 2014 मध्ये भूजलातील आर्सेनिकवर आपला पहिलाच अहवाल दिला. बारा राज्यांत या विषाने एक लाखावर बळी घेतल्याची आणि दोन ते तीन लाख लोक आजारी असल्याची नोंद त्यात खेदाने करण्यात आली. ऑगस्ट 2013 मध्ये आरोग्यविषयक स्थायी समितीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या आंध्र प्रदेश व गुजरातेतील प्रकल्पावर कठोर ताशेरे ओढले होते. वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या वतीने पालकांऐवजी अधीक्षकांच्या सह्या घेतल्या गेल्याचे त्यात उघड झाले. लस उपयुक्त असूनही तिच्याविषयी पुढे वर्षानुवर्षे जो संशय राहिला, त्याचे एक मूळ या सह्यांत आहे. सप्टेंबर 2022 मध्ये त्याच स्थायी समितीने कर्करोग हा नोंद बंधनकारक असलेला आजार म्हणून जाहीर करावा, अशी शिफारस केली. हा आजार संसर्गजन्य नाही, हे आरोग्य मंत्रालयाचे त्यावरील उत्तर तांत्रिकदृष्ट्या अचूक आणि धोरणदृष्ट्या अपुरे होते. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या 2020 च्या अहवालापर्यंत लोकसंख्याधारित नोंदणीत देशाची जेमतेम दहा टक्के लोकसंख्या येत होती. कोणत्या गावात किती कर्करोग, हे ठाऊक नसेल तर पाण्याचा आणि आजाराचा संबंध जोडायचा कसा?

संबंध सिद्ध झालेला नाही, हे उत्तर सत्ताधाऱ्यांना म्हणूनच सोयीचे पडते. 6 डिसेंबर 2019 रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी लोकसभेत सांगितले की, प्रदूषणाने आयुर्मान घटते असे कोणत्याही भारतीय अभ्यासाने दाखवलेले नाही आणि लोकांत भीती पसरवू नये. आयुर्मानापुरता शब्दच्छल बाजूला ठेवला तरी, बालीगंजपासून हाकेच्या अंतरावर, हाजरा येथील चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिल्लीतील 11 हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची तपासणी कितीतरी आधी पूर्ण केलेली होती. ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठीच झाली होती आणि दिल्लीच्या मुलांची फुप्फुसे अधिक दुबळी असल्याचे तिने दाखवले होते. सरकारी संस्थेने सरकारसाठी केलेला अभ्यास सरकारी बाकांपर्यंत पोहोचत नसेल, तर तो बारुईपूरच्या पाणवठ्यावर पोहोचण्याची अपेक्षा कशी करावी?

प्रशासनाची बाजूही ऐकली पाहिजे. निकाल जाहीर केला आणि पर्याय दिला नाही, तर घबराट माजते, बाधित कुटुंबातील मुलींची लग्ने मोडतात, गावावर डाग लागतो, ही भीती पोकळ नाही. साध्या तपासणी संचाचे निकाल चुकू शकतात. एकाच विहिरीचे दोन ऋतूंतले आकडेही वेगळे येऊ शकतात. मर्यादाही बदलत गेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 1993 मध्ये 10 मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली. भारतीय मानकाने ती 2012 मध्ये स्वीकारली, तीही दुसरा स्रोत नसेल तेथे 50 पर्यंतची सवलत ठेवून. काल सुरक्षित म्हटलेले पाणी आज असुरक्षित ठरल्यास लोकांचा गोंधळ होणारच. परंतु या साऱ्या अडचणींचे उत्तर मौन हे नव्हे. अनिश्चितता सांगण्याचीही एक रीत असते. काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि पुढची तपासणी केव्हा होईल, हे तीन वाक्यांत सांगता येते. लोक अनिश्चितता सहन करतात. लपवालपवी मात्र ते विसरत नाहीत. शास्त्रज्ञांनाही येथे आत्मपरीक्षण चुकलेले नाही. मोठा आकडा वृत्तपत्राला आधी आणि गावाला नंतर, किंवा कधीच नाही, हा क्रम त्यांच्याही अंगाशी आला आहे.

या पार्श्वभूमीवर आज हाताशी असलेली साधने कमी नाहीत. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि 2025-26 च्या अर्थसंकल्पात या मिशनला 2028 पर्यंत मुदतवाढ मिळाली आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत लोकसमूहाच्या सहभागाला जागा दिलेली आहे. या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, हीच खरी उणीव आहे. पाणी तपासणारी स्त्री जलशक्ती मंत्रालयाची, कर्करोगाची नोंद आरोग्य मंत्रालयाची आणि भूजलाचा नकाशा तिसऱ्याच मंडळाचा. या तिन्ही वह्या जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर एकत्र आल्या, तर कोणत्या वस्तीत आधी नळ न्यायचा आणि कोणत्या वस्तीत त्वचेची व लघवीची तपासणी करायची, हे ठरवायला नव्या आयोगाची गरज भासणार नाही. मानवी नमुने घेणाऱ्या प्रत्येक संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात, निकाल त्या व्यक्तीला तिच्या भाषेत कळवण्याचा आणि पर्यायी पाण्यापर्यंत तिची गाठ घालून देण्याचा खर्च सक्तीने धरला जावा. तो नसेल तर अनुदानाचा पुढचा हप्ता थांबावा. हा नियम करण्यास संसदेत विधेयक आणावे लागत नाही, अनुदान देणाऱ्या विभागाचे एक परिपत्रक पुरते.

महाराष्ट्रातील अधिकाऱ्यांनी हा प्रश्न बंगालचा म्हणून बाजूला सारू नये. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी परिसरात जादवपूरच्याच गटाने 1999 मध्ये आर्सेनिक आढळल्याचे जाहीर केले होते. भूजलाला राज्याची सीमा कळत नाही. कारखान्यांच्या पट्ट्यात, खाणींच्या शेजारी, फवारणीच्या शेतांत उद्या असेच प्रश्न उभे राहतील, तेव्हा नमुना मागायला आलेल्या पथकाला गाव दार उघडेल की नाही, हे आज बंगालच्या गावांना आपण काय वागणूक देतो यावर ठरणार आहे.

बालीगंजच्या फलाटावरून दुपारची गाडी बारुईपूरकडे निघते, तेव्हा तिच्यातील काही बायकांच्या हातात घरमालकिणीने भरून दिलेली पाण्याची बाटली असू शकते. एखाद्या घराने दाखवलेला तो चांगुलपणा असतो. चाळीस वर्षांच्या संशोधनाने आणि तीन संसदीय अहवालांनी त्या बायकांच्या पदरात बाटलीपेक्षा अधिक काही टाकले पाहिजे. निदान आपल्या दारातल्या हातपंपाचा आकडा तरी त्यांना कळलाच पाहिजे. तो कळवण्यासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही, ठरवावे लागते.